मी गोड वागले तो हिवाळा

ज्वारी पोटरीत आली की माझा स्वभाव बिघडतो. घरच्यांनी हे हेरलंय. नवरा म्हणतो, तुला थंडी मानवत नाही. मुलगी म्हणते, आई डिसेंबरात भांडी जरा जास्त आपटते. दोघांचंही बरोबर आहे, पण कारण मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. यंदा आईला भेटायला मंद्रूपला निघाले होते. सोलापूर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमरेच्या वर गेलेली ज्वारी दिसायला लागली. दव पडून जड झालेली पानं, काळ्या रानातून वर येणारा तो गार, कच्चा वास. लोकांना हे बघून हुरडा आठवतो. मला एक मुलगी आठवते आणि दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

तिचं नाव शिवलीला. आम्ही तिला लीला म्हणायचो. मंद्रूपच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो आणि एका संघात खो-खो खेळलो. तिच्या घरात कानडी, दाराबाहेर मराठी. रागावली की ती सरळ कानडीवर जायची. त्यामुळे मला कानडीतले पहिले शब्द कळले ते शिव्यांचे. आता मी सोलापुरात मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. गळ्यात शिट्टी, पायात बूट, सकाळी सात वाजता मैदानावर फक्कीच्या रेघा. जी काही मी आहे ती खो-खोमुळे. आणि खो-खो माझ्याकडे राहिला आणि लीलाकडून गेला, तो एकाच हिवाळ्यात. तो मी घालवला.

मैदानावर आम्ही शेजारच्या पाट्यांत बसायचो. एकीचं तोंड उगवतीला, दुसरीचं मावळतीला. धावत येऊन बसलेलीच्या पाठीवर थाप मारायची, खो म्हणायचं, की ती उठून पळते. इतक्या वर्षांत मी इतक्या पाठींवर थापा मारल्या, पण डोळे मिटून ओळखावी अशी पाठ एकच होती. तिचा उजवा खांदा जरासा वर असायचा. थाप पडायच्या आतच तो हलायचा. मी कधी येणार हे तिला पाठीनं कळायचं.

दहावीच्या वर्षी नोव्हेंबर संपताना जिल्ह्याच्या संघाची निवड होती. निवडीच्या आठ दिवस आधी खांबाजवळ सूर मारताना माझा पाय मुरगळला. घोटा लिंबाएवढा सुजला. घरी सांगितलं असतं तर आईनं मैदानच बंद केलं असतं. मी हळद-चुन्याचा लेप लावायचे, वर मोजा चढवायचे आणि दात आवळून पळायचे. हे फक्त लीलाला माहीत होतं. तिनंच रोज दुपारी शाळेच्या टाकीमागे बसून माझा पाय चोळून दिला होता.

निवडीच्या दिवशी सगळ्या मुली रांगेत उभ्या होत्या. खेळाचे सर माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "मोजा काढ."

मी नाही म्हणाले. सर वाकले, मोजा खाली ओढला आणि अंगठ्यानं घोटा दाबला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडावा तसा होता. कुणीतरी हसलं. सर शांतपणे म्हणाले, "लीला बोलली ते बरं झालं. न्हायतर पाय गेला असता हिचा."

मी लीलाकडे बघितलं. ती खाली बघत होती. अर्ध्या तासानं संघ जाहीर झाला. कर्णधार म्हणून माझं नाव जवळपास ठरलेलं होतं. तिथं तिचं नाव आलं.

आज मी स्वतः निवड समितीवर बसते. सरांच्या जागी असते तर मीही त्या मुलीला घरी पाठवलं असतं. हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत, आणि कळून काही फरकही पडला नाही. उलट, ती बरोबर होती याचाच जास्त संताप यायचा. ती खोटारडी निघाली असती तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

त्या वयात आत जे काही चालायचं त्यासाठी माझ्याकडे दोनच शब्द होते. बरं वाटतंय, नाहीतर राग आलाय. आणि राग आलाय हा शब्दही घरात चालायचा नाही. मी पाय आपटत घरी आले, दप्तर फेकलं, तेव्हा आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "पोरीच्या जातीला एवढा राग बरा न्हाय. गिळ गपगुमान." मी गिळला. गिळलेल्या वस्तूचं पुढं काय होतं हे आईला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं मला कुठून सांगावं?

दुसऱ्या दिवशी मी लीलाशी हसून बोलले. कर्णधार झाल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एका क्षणात उतरला, ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "सवे, मला वाटलं तू आता बोलनारच न्हाईस. मला लई भ्या वाटत व्हतं."

"येडी हायस का?" मी म्हणाले.

तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून मी मनात म्हणत होते, थांब. थांब तू.

तिथून पुढचा दीड महिना मी जितकी गोड वागले तितकी आयुष्यात कधी वागले नसेन. तिची वेणी घालून दिली. ती राज्य स्पर्धेला जाताना माझे नवे मोजे तिला दिले. आणि प्रत्येक गोष्ट करताना मन दुसरीकडे काम करत होतं. वेणी घालताना वाटायचं, कात्री हवी होती. मोजे देताना वाटायचं, कुसळं भरावीत का आत. वर्गात फळ्याकडे बघत मी तिचे घोटे मुरगळायचे, तिला खांबावर आपटायचे, अख्ख्या गावासमोर तिला रडवायचे. यात मजा होती. थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखी ऊब होती. पहाटे जाग आली की आधी तो विचार हाताला लागायचा आणि बरं वाटायचं. अपमान झाला तेव्हा मी अगदी एकटी होते. सूड मनात आला तेव्हापासून सोबत होती.

मग येळवस आली. आमच्याकडे, विशेषतः लीलाच्या लोकांत, मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर रानात जातं. ज्वारीत कडब्याची कोप, लहानशी खोपटी, उभी करतात, पूजा होते, आणि मग जेवण. आंबिलीचा घट, बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगा-भाज्यांची ती एकत्र शिजवलेली भज्जी. दरवर्षी मी त्यांच्या रानात जायचे. त्याही वर्षी गेले. लीलाच्या वडिलांना आम्ही सगळ्याच अप्पा म्हणायचो. उंच, कमी बोलणारा माणूस. मला वाढताना ते म्हणाले, "खा. पाय बरा झाला का? पुढच्या साली तू जा राज्याला. दोघी जावा." मी व्हय म्हणाले आणि आंबिलीचा वाडगा तोंडाला लावला. गार, आंबट, लसणाची फोडणी दिलेली. समोर लीला बसली होती, अंगात संघाचा निळा गणवेश, छातीवर जिल्ह्याचं नाव. तो तिनं मुद्दाम घातलेला नव्हता, तिच्याकडे तेवढाच एक चांगला कपडा होता. हे मला माहीत होतं. तरी ती तो मला दाखवायला घालते आहे असं मी ठरवलं. मनात सूड असला की माणूस पुरावे स्वतःच तयार करतो, आणि ते किती पटापट तयार होतात!

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लीलानं मला टाकीमागे बोलावलं. दप्तरातून एक कार्ड काढलं. वर गुलाबाची फुलं, कडेनं सोनेरी रेघ. राज्य स्पर्धेत भेटलेल्या, कुठल्याशा गावच्या मुलांच्या संघातल्या एकानं शाळेच्या पत्त्यावर पाठवलेलं. आत दोनच ओळी होत्या. हॅपी न्यू इयर, कॅप्टन. आणि खाली नाव.

"तसलं काय न्हाय गं," लीला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पन घरी सापडलं तर अप्पा मला उभी चिरतील. तुज्याकडं ठेव. टाकून दे म्हनलं तर मला टाकवंना."

मी कार्ड घेतलं. मुलाशी मला काहीच देणंघेणं नव्हतं. माझी नजर फक्त एका शब्दावर अडकली. कॅप्टन.

ती माझ्याकडे का आली याचा मी नंतर फार विचार केला. ती आली कारण मी राग दाखवला नव्हता. निवडीच्या दिवशी मी तिच्या झिंज्या ओढल्या असत्या, मैदानात लोळवून चार गुद्दे घातले असते, तर आठ दिवस अबोला झाला असता आणि ते कार्ड माझ्या हातात कधीच पडलं नसतं. माझा दिसलेला राग तिला वाचवू शकला असता. न दिसलेल्या रागानं तिचा घात केला.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेले. लीला आईबरोबर देवळात गेली आहे हे बघून गेले. अप्पा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, पाया पडले आणि पिशवीतून भूमितीचं पुस्तक काढलं. "लीलाचं हाय, अप्पा. देयाचं राहिलं व्हतं." कार्ड मी मधोमध ठेवलं होतं, बोटभर सोनेरी कड बाहेर दिसेल इतकं. ते किती बाहेर असावं हे घरी तीनदा करून बघितलं होतं.

अप्पांनी कड धरून कार्ड ओढलं. उघडलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण गुलाबाची फुलं सगळ्यांना वाचता येतात.

"हे काय हाय?"

"मला काय म्हाईत, अप्पा," मी म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणात मी उच्चारलेलं खोटं तेवढं एकच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कार्ड परत पुस्तकात ठेवलं, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागले. फक्त आता ते टरफलं आणि दाणे एकाच सुपात टाकत होते.

लीला मैदानावर परत आली नाही. सर घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. दहावीची परीक्षा तिला देऊ दिली. शाळेत ती दुसऱ्या बाकावर बसायची, तिचा चुलतभाऊ आणायला-न्यायला यायचा. तिनं मला काही विचारलं नाही. एकदाही नाही. पुढच्या उन्हाळ्यात अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात तिचं लग्न लागलं. मी गेले होते. अक्षता टाकल्या. तिच्या पायात जोडवी होती आणि ती हळू चालत होती, कारण सगळ्याजणी तिला हळू चाल म्हणत होत्या.

सूड गोड लागतो हे कुणी नाकारू नये. लागतो. संक्रांतीनंतर आठ दिवस मला सडकून भूक लागली. दोन-दोन भाकऱ्या खाल्ल्या, अंगात वारं भरल्यासारखी पळाले. पाय बरा झाला होता. नवव्या दिवशी सरावात मी धावत आले, पाठीवर थाप मारली, खो म्हणाले, आणि ती पाठ उठायला क्षणभर उशीर झाला. दुसरीच मुलगी होती. चांगली खेळायची. पण तिला मी येताना कळले नव्हते. मी तिथंच उभी राहिले. सर ओरडले, मुली ओरडल्या. मला पळताच येईना.

पुढच्या वर्षी मी कर्णधार झाले, राज्याला गेले, पदक घेऊन आले. मग कॉलेजच्या संघात, मग शारीरिक शिक्षणाचा अभ्यास, मग नोकरी. प्रत्येक पायरीवर टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या की मी मनातल्या मनात लीलाशी भांडायचे. आधी तू सांगितलंस. तू सुरुवात केलीस. इतकी वर्षं मी तिच्यावरच चिडत राहिले. जिचं मी वाटोळं केलं तिच्यावर राग धरून बसणं किती सोयीचं असतं. राग खाली ठेवला असता तर रिकाम्या हातांकडे बघावं लागलं असतं.

यंदा मंद्रूपहून परत आले त्याच आठवड्यात माझ्या संघातली श्रावणी सरावानंतर थांबली. आठवीतली, शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी पोरगी. पळायला वीज. ओठ घट्ट मिटलेले. तिनं आईचा मोबाइल आणला होता.

"मॅडम, हे वाचा. ऋतुजानं एका मुलाला काय काय लिहिलंय. मला तिनंच पाठवलं होतं, दाखवायला. तिला संघातून काढा."

ऋतुजा तिची जिवाभावाची मैत्रीण. कालपर्यंत दोघी एका बाटलीतून पाणी प्यायच्या.

 मी म्हणाले, "मोबाइल उलटा ठेव. मी वाचणार नाही. काय झालं ते सांग."

श्रावणीचे वडील बोलताना अडखळतात. पालकसभेला आले होते. ते गेल्यावर कपडे बदलायच्या खोलीत ऋतुजानं त्यांची नक्कल केली. सगळ्याजणी हसल्या.

"मला तिचा राग आलाय," श्रावणी म्हणाली. "लई राग आलाय. मी तिला सोडणार नाही."

"राग कुठं आलाय?"

"म्हणजे?"

"अंगात कुठं? हात शिवशिवतायत?"

तिनं हातांकडे बघितलं. मग गळ्याला हात लावला. "हितं दुखतंय."

मैदानावर मी पंचवीस वर्षं हेच शिकवत आले. गड्याच्या तोंडाकडे बघू नका, खांद्याकडे बघा. तो कुठं वळणार ते खांदा आधी सांगतो. दुसऱ्याचं अंग वाचायला शिकवलं, स्वतःचं कधी वाचलं नाही. मी विचारलं, "सगळ्या हसल्या ना? मग बाकीच्यांचा राग नाही आला?"

 तिचा चेहराच मोडला. "बाकीच्या हसू देत. तिनं नको होतं, मॅडम. तिला माहितेय ना पप्पा मला किती... तिनं नको होतं."

ती रडली, मी जवळ बसून राहिले. तिच्या रडण्याकडे बघताना मला शाळेच्या टाकीमागची ती दुपार दिसली, माझा सुजलेला पाय मांडीवर घेऊन चोळणारी लीला दिसली. त्या वर्षी मला कर्णधारपद हवं होतं हे खरं. पण घशात जे अडकलं होतं ते वेगळं होतं. सरांकडे जाण्याआधी तिनं माझ्याकडे यायला हवं होतं. सगळ्याजणींसमोर माझा मोजा खाली ओढला गेला तेव्हा तिनं खाली बघायला नको होतं. मला दुखलं होतं. त्याला मी राग म्हणाले, कारण रागाला पाय असतात, तो कुठंतरी घेऊन जातो. दुखण्याला नुसतं बसून राहावं लागतं.

श्रावणीला मी म्हणाले, राग आलाय तर तिच्या तोंडावर सांग. ओरड. मी असेन तिथं. फक्त मोबाइल घरी ठेवून ये. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या मध्यावर ती ऋतुजासमोर उभी राहिली आणि अर्धं मराठी, अर्धं तेलुगू असं जे काही बोलली त्यानं अख्खा संघ गार पडला. ऋतुजा पांढरीफटक. तिनं माफी मागितली, श्रावणीनं ती घेतली नाही. तीन दिवस दोघी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सरावात श्रावणीनं तिच्या पाठीवर थाप मारली. जरुरीपेक्षा बरीच जोरात. मी शिट्टी वाजवली नाही.

त्या मुलीला तोंडावर सांग म्हणाले आणि मग मला माझ्याच घरात बसवेना. रविवारी सकाळी बस धरली. लीलाचं गाव विचारत विचारत गेले. ती रानात होती, ज्वारीच्या कडेला, डोक्याला फडकं बांधून. केस पांढरे, अंग भरलेलं. उजवा खांदा तसाच जरासा वर. तिनं मला ओळखायला वेळ घेतला नाही.

"बा, कुंदर," ती कानडीत म्हणाली आणि बांधाकडे बोट दाखवलं. मी बसले. ती बसली नाही.

"लीला, ते कार्ड पुस्तकात मी ठेवलं होतं. मुद्दाम."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुज्याकडंच व्हतं की. दुसरं कोन देनार?" तिचा आवाज सपाट होता. "मी वाट बगत व्हते, कधी येतीस. पयल्या वर्साला वाट बगितली. पोरगी झाली तवा बगितली. अप्पा गेले तवा तर वाटलं आता येशील."

माझे डोळे भरून आले. तिनं एकदम हात वर केला.

"ये! तू रडू नगंस. तुला रडायचं असंल तर घरी जाऊन रड. हितं माजा नंबर हाय."

आणि मग ती बोलली. उभ्यानं, फेऱ्या मारत, मध्येच कानडीत, मध्येच मराठीत. अप्पांनी बूट आडात टाकले ते. सासरी पहिल्या वर्षी शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून, कडेवर पोर घेऊन, मुलींचा खो-खो बघायची ते. सासूनं विचारलं काय बघतीस, तर म्हणायची, म्हैस सुटली का बगतीय. "माज्या पायात तवा किती पळनं शिल्लक व्हतं, ठाव हाय का तुला?" तिनं विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली.  माझ्या जिभेवर तेच जुनं वाक्य आलं होतं, आधी तू सांगितलंस. इतक्या वर्षांचं, तयार, धारदार. त्याची मला शरम वाटली, पण ते आलं हे खरं. मी ते येऊ दिलं आणि बोलले नाही.

ऊन चढलं. ती दमली, तांब्यातलं पाणी प्यायली, मला दिलं नाही. मग म्हणाली, "पुडच्या आइतवारी ये. माजं संपल्यालं न्हाय."

मी गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. दुसऱ्या खेपेला तिनं सांगितलं की लग्नानंतर घरात आलेल्या पहिल्या म्हशीचं नाव तिनं सवी ठेवलं होतं. रोज पहाटे धार काढताना तिला मनसोक्त शिव्या द्यायची. "लई दूद द्यायची गं," लीला म्हणाली. "शिव्या खाऊन दोन शेर जास्तीच. शेवटाला तर मला तिच्यावर राग धरवंना." आणि ती हसली. मीही हसले, तर तिनं लगेच तोंड फिरवलं. हसण्याची परवानगी मला अजून नव्हती.

तिसऱ्या रविवारी मीच विचारलं, तू सरांना का सांगितलंस? विचारताना आवाजात आरोप नव्हता, निदान थोडाच होता. तिनं ज्वारीकडे बघितलं. कणसं आता भरून वाकली होती, पाखरं उतरायला लागली होती.

"तुजा पाय सुजला व्हता ते खरं," ती म्हणाली. "मला भ्या वाटलं, ते बी खरं. आन मला कॅप्टन व्हायचं व्हतं, ते बी खरं. तिन्ही एकदमच व्हतं, सवे. त्यातलं आदी कुटलं आलं ते मला अजून सांगता येत न्हाय."

मी पोरींना शिकवते, पुस्तकं वाचते, शाळेत मानसोपचारवाल्या बाई येऊन बोलतात तेव्हा पहिल्या रांगेत बसते. इतकं स्वच्छ मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मी तिच्यातली एकच गोष्ट धरली होती आणि तिच्यावर आयुष्य उभं केलं होतं. माझ्यातही एकदम बरंच काही होतं. मत्सर होता, अपमान होता, मैत्रीण हातातून जाईल ही भीती होती, आणि सगळ्यांच्या तळाशी ती फार आवडायची हे होतं. मी त्यांना वेगवेगळ्या नावांनी हाक मारली असती तर कदाचित एकेक करून ती आली असती आणि गेली असती. मी सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं.

"माफ केलंस का मला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"न्हाय," ती म्हणाली. "आन इचारू नगंस. झालं तर माजं मला कळंल."

फेब्रुवारीत ज्वारी काढायला आली. त्या रविवारी गेले तर लीला आधीच रानात होती, तिच्या घरचे होते. आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. लीलानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एक फडकं माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाली, "डोक्याला बांद. ही पात तुजी."

माझी पात, म्हणजे उपटायची ओळ, तिच्या पातीला लागून होती. आम्ही एकदम सुरुवात केली. दोन्ही हातांनी ज्वारीचं ताट धरायचं, कंबर मोडून ओढायचं, मुळाची माती पायावर झटकायची, मागे टाकायचं. मी रोज मैदानावर असते, मला वाटलं जमेल. दहा ताटांत तळहात सोलून निघाले. ती पुढं गेली. मी जोर लावला. ती आणखी पुढं गेली. मुद्दाम मागं राहून तिला जिंकू द्यावं असा मोठेपणा करायची वेळच आली नाही. मला खरोखरच तिच्याएवढं येत नव्हतं. पंधरा-वीस हात पुढं जाऊन तिनं मागं वळून बघितलं. मी वाकलेली, घामानं निथळलेली, धापा टाकत होते. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी लगेच ओळखलं. संक्रांतीनंतरचे ते आठ दिवस मी तेच चेहऱ्यावर घेऊन हिंडले होते. तिनं ते लपवलं नाही. नीट, पोटभर माझ्याकडे बघून घेतलं.

"सवे, थकलीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

"थक," ती म्हणाली, आणि पुढचं ताट धरायला वाकली.